लग्नाचा फेटा: रेशमी, सुती की तयार?

साताऱ्याच्या खण आळीत असो वा सांगलीच्या हरभट रोडला, बस्ता बांधताना फेट्याची आठवण सगळ्यात शेवटी होते. तोवर सगळे दमलेले असतात, मग दुकानदार पुढे करेल तो केशरी गठ्ठा उचलला जातो. नवरदेवाच्या फेट्याचं तरी आधी ठरवा.

हातमागाच्या रेशमाचा रुबाब वेगळाच. पैठणी काठाचा, दोन्ही बाजूंना जर. नवरदेव परण्याला निघाला की नजर आधी डोक्यावरच जाते. पण रेशीम निसरडं. ते कांजी धरत नाही, त्यामुळे तुरा ताठ उभा राहत नाही आणि बांधणाऱ्याला टाचण्या माराव्या लागतात. त्यांची भोकं कायमची. वर मे महिन्याचा घाम, आणि जरीवर अत्तर उडालं की ती काळवंडते.

घ्यायचाच असेल तर सिल्क मार्क पाहा. केंद्रीय रेशीम मंडळाची ही खूण 2004 पासून आहे. नाहीतर काठाचा एक सुटा धागा जाळा. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम, तसं लिहिलेला माल रेशमाच्या भावात घेऊ नका.

माझं ऐकाल तर रेशमी फेटा विकत घेण्याआधी घरातली ट्रंक उघडा. आजीचं नऊवारी लुगडं रेशमी असेल तर ते नऊ वार, म्हणजे सुमारे 8.2 मीटर. एवढ्यात फेटा आरामात बसतो आणि कापावंही लागत नाही. जरीचा पदर तुऱ्याला घ्यायचा. फक्त घडीवर हात फिरवून बघा. जुनं रेशीम घडीवरच विरतं आणि ताण पडला की तिथेच फाटतं.

सुती फेटा मात्र खरा कामाचा. कांजी दिली की तुरा ताठ, शेमला पाठीवर नीट रुळतो, घाम टिपला जातो. बावधनच्या बगाडाला किंवा कुस्तीच्या फडात मानाचा फेटा बांधतात तोही बहुधा असलाच. वऱ्हाडासाठी मी दुसरा विचारच करणार नाही, भाड्याने मिळाला तर आणखी बरं.

तयार फेटा लहान पोरांना ठीक. मोठ्यांच्या डोक्यावर तो टोपीसारखा बसतो, फोटोत लगेच कळतं.

आता मानाचं. नवरदेव, दोन्ही व्याही आणि मामा यांचे फेटे एकाच तोलाचे ठेवा. व्याह्याला रेशमी आणि मामाला सुती बांधलात तर जेवणाच्या पंगतीत रुसवा ठरलेला. पोरीच्या बापानं पागोटं व्याह्याच्या पायावर ठेवायचं, असेही दिवस या मुलखानं पाहिलेत. तिथे कापडातला फरक कुणी सहज सोडत नाही. चौघांना रेशमी परवडत नसेल तर चौघांनाही चांगला सुती बांधा आणि वाचलेले पैसे बांधणाऱ्याला द्या. कसबी हाताखाली साधं कापडही उठून दिसतं, कच्च्या हाताखाली पैठणीचं बोचकं होतं.

दाट तिथीला असा माणूस मिळत नाही, म्हणून साखरपुडा झाला की लगेच बोलून ठेवा. कापड रेशमी असेल तर तेही तेव्हाच सांगा. त्याला एका डोक्याला वेळ जास्त लागतो, आणि बाहेर बँडवाले वाजवायला लागलेले असतात.