अर्जुन नोवो ६०५ आणि मागचा हूक: ऊस वाहतुकीचे चार हंगाम

साखर कारखान्याचे ऊस वाहतुकीचे करार सुरू झाले की गावातली पोरं दारात येतात. प्रश्न एकच असतो, "दादा, डबल ट्रॉलीला (एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांना) कुठला ट्रॅक्टर घेऊ?" मी म्हणतो, आधी मागं जाऊन वाक आणि ट्रॉली पिननं अडकवायचा हूक बघ. पोरांना ते पटत नाही. त्यांना एचपीचा आकडा ऐकायचा असतो. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात. आबांनी बैलगाडीनं ऊस वाहिला. मी २००९ पासून ट्रॅक्टरवर आहे. २०२१ च्या हंगामाआधी महिंद्राचा अर्जुन नोवो ६०५ घेतला, दोन चाकं ओढणारा, ५७ एचपीचा. त्याच्यावर चार हंगाम काढले, ते सगळे डबल ट्रॉलीनंच. हा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला कसा आहे, एवढंच सांगतो. नांगरट, रोटर यांचं बघणारे दुसरे पुष्कळ आहेत.

वजनाचा हिशेब आधी डोक्यात घ्या. माझ्या दोन्ही ट्रॉल्या दोन चाकी. काट्यावर दोन्हींचा मिळून १८-१९ टन ऊस भरतो. ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन पाचेक टन. म्हणजे अडीच टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर आपल्या नऊ-दहा पट वजन ओढतोय. आणि त्या मागच्या वजनाला स्वतःचा ब्रेक नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा ब्रेक आणि एक पिन, एवढ्यावरच सगळं.

इंजिन चार सिलिंडरचं, ३५३१ सीसी, २१०० आरपीएमचं. काळ्या रानातनं पहिली ट्रॉली बाहेर काढताना याचं मोल कळतं. डिसेंबरात पाटाचं पाणी नुकतंच तोडलेलं असतं, वरनं फड (तोडीचं उसाचं रान) कोरडा दिसतो आणि चाक मात्र वीतभर खाली जातं. अशा जागी आरपीएम चढवून, क्लच अर्धा दाबून ओढणारा ड्रायव्हर क्लच प्लेट जाळतो. हा ट्रॅक्टर कमी आरपीएमवर दम धरतो. लो रेंज टाकायची, क्लचवरचा पाय पूर्ण काढायचा आणि त्याला त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं. पुढं १५ आणि मागं ३ असे गिअर आहेत, त्यातली मधली रेंज आमच्या रस्त्याला अगदी बरोबर बसते. भरल्या खेपेला गावच्या चढाला जुन्या गाडीवर एक गिअर जड व्हायचा न् खालचा रडायचा. इथं मधला सापडतो. २८ किलोमीटरच्या जाऊन-येऊन खेपेला डिझेल १० ते ११ लिटर लागतं, कारखान्याच्या यार्डात नंबरासाठी पुढं सरकायचं धरून.

ब्रेक तेलात बुडालेले. हा ट्रॅक्टर मी घेतला तो मुळात ब्रेकसाठी, आणि त्याला एक रात्र कारणीभूत आहे.

२०१८ च्या जानेवारीत माझ्याकडं जुना ट्रॅक्टर होता, कोरड्या डिस्क ब्रेकचा. कंपनी कुठली ते सांगायचं कारण नाही, तसल्या ब्रेकचे ट्रॅक्टर तेव्हा बऱ्याच कंपन्यांचे होते. ताकारी योजनेचं पाणी वर गेल्यापासून कडेगाव तालुक्यात ऊस वाढला, तसा मी देवराष्ट्र्याकडचा फड धरला होता. भरलेली डबल ट्रॉली घेऊन रात्री अकराला सागरेश्वरचा घाट उतरत होतो. वरच्या वळणाला ब्रेक नीट लागला. दुसऱ्याला पाय जास्त खाली गेला. तिसऱ्या वेळी पेडल तसंच टणक होतं, पण गाडी थांबेना. जळक्या लायनिंगचा वास आला. मागच्या ट्रॉल्या ढकलायला लागल्या की मागनं कोणीतरी खांद्यानं रेटतंय असं वाटतं, सीटमधनं कळतं ते. पुढची ट्रॉली डावीकडं वाकडी व्हायला लागली. मी घाट उतरायला घेतानाच खालचा गिअर टाकला होता, म्हणून तरी वाचलो. क्लचला हात-पाय न लावता इंजिनच्या जोरावर रोखत रोखत डोंगराच्या बाजूच्या चरीत डावं चाक घातलं. ट्रॉलीचा फाळका (बाजूची फळी) दगडाला घासला, चार मोळ्या रस्त्यावर पडल्या. माणसाला काही झालं नाही. मी खाली उतरलो तेव्हा पाय थरथरत होते, पंधरा मिनिटं तिथंच बांधावर बसून होतो.

त्या घाटातनं अर्जुननं आता चार हंगाम उतरतोय. तिसऱ्या वळणाला पेडल पहिल्या वळणासारखंच लागतं. तेलामुळं गरमी निघून जाते आणि चिखल-धूळ आत जात नाही. तरी सांगतो, तेलातले ब्रेक आहेत म्हणून न्यूट्रलवर उतार सोडू नका. ज्या गिअरनं चढ चढला असता त्याच गिअरनं उतरा. आणि दोन ब्रेक पेडल्सना जोडणारी पट्टी रस्त्यावर लावलेलीच पाहिजे. रानात एका चाकाचा ब्रेक दाबून वळतो आपण, मग पट्टी तशीच सुटी राहते. रस्त्यावर घाईत एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागचे २४ टन सरळ येतात.

आता हूक. इथं मला जरा वेळ द्या.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला बापू म्हणतो, कुपवाड एमआयडीसीतनं मोठा ट्रेलर चालवतो, फिफ्थ व्हीलचा पुलर. त्यानं एकदा मला त्याच्या गाडीखाली नेऊन दाखवलं. पुलरच्या पाठीवर ग्रीस लावलेली जाड ताटासारखी प्लेट असते, तिच्यात जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली किंग पिन असते, दोन इंचाची किंवा जास्त वजनाला साडेतीन इंचाची. पुलर मागं घेतला की पिन जबड्यात जाऊन लॉक होते. बापू लॉक झाल्यावर एकदा गाडी हलकी पुढं ओढून बघतो आणि मग बॅटरी घेऊन खाली वाकून जबडा बंद झालाय का ते डोळ्यानं बघतो. वीस वर्षं झाली, हे त्यानं एकदाही चुकवलेलं नाही. पण खरी गोष्ट त्यानं पुढं सांगितली. ती प्लेट मागच्या अॅक्सलच्या वर, किंचित पुढं बसवलेली असते. ट्रेलरचं वजन आलं की पुलरची पुढची चाकंही थोडी दाबली जातात, उचलली जात नाहीत. शिवाय ट्रेलरला स्वतःचे हवेचे ब्रेक. तो म्हणाला, "तुझा हूक अॅक्सलच्या मागं लोंबतोय. तुझ्यावर जेवढं वजन पडंल तेवढं तुझं स्टेअरिंग हलकं होणार."

घरी येऊन मी टेप लावला. हूक अॅक्सलच्या ६० सेंमी मागं. पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २१० सेंमी. दोन चाकी ट्रॉलीनं हुकावर १ टन टाकला तर पुढच्या चाकांवरचे पावणेतीनशे-तीनशे किलो तिथंच गेले. वर चढाची ओढ. चढाला दीड टन ओढ धरली आणि हूक जमिनीपासून ४८ सेंमीवर असला तर आणखी ३४० किलो जातात. तोच हूक कोणी ८० सेंमीवर चढवला तर ५७० जातात. पुढच्या चाकांवर मुळात हजारभर किलो. आता बेरीज तुम्हीच करा. ट्रॉली उंच आहे म्हणून वरच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला साखळी अडकवून ओढणारे मी बघितलेत. ट्रॅक्टर असा उभा राहून मागं पडला तर ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही. हूक अॅक्सलच्या मध्यापेक्षा खालीच पाहिजे. १६.९-२८ च्या टायरला तो मध्य जमिनीपासून ६५-६७ सेंमीवर येतो. ट्रॉलीची दांडी उंच असेल तर दांडी बदलून घ्या, हूक वर नेऊ नका.

पुढची वजनं मी पहिल्या दिवसापासून लावलीत. काहीजण डिझेल वाचवायला ती काढून ठेवतात. हंगामात तरी काढू नका.

ऊस भरण्याकडंही बघा. ऊसतोड टोळीला घाई असते, ते पुढच्या फाळक्याकडनं रचत येतात आणि मोळ्या संपल्या की मागचा भाग रिकामा ठेवतात. मग हुकावर भार वाढतो. याच्या उलट मागं जास्त भरलं तर दांडी हूक वर उचलते आणि मागची चाकं जागेवर फिरतात. टोळीच्या मुकादमाला मी सुरुवातीलाच सांगतो, मोळ्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना सारख्या, पुढं किंचित जास्त. त्यांचं काम कष्टाचं, ते कोयता टाकून लगेच मोळी डोक्यावर घेतात. त्यामुळं पहिली ट्रॉली भरताना मी स्वतः उभा राहतो. एकदा सवय लागली की पुढं बोलावं लागत नाही.

हुकाच्या कामाबद्दल माझी एक तक्रार आहे. २०२२ ला एका वर्कशॉपमधनं मागच्या ट्रॉलीचा हूक नवा करून घेतला. वेल्डिंग वरनं सुबक दिसत होतं. दीड महिन्यात रंगावर केसाएवढी रेघ दिसली. मी ती नखानं खरवडली तर आत गंज निघाला, म्हणजे तडा जुनाच होता. नुसत्या पट्टीवर वरवरचा थर दिला होता, पट्टीची कड तासून आतपर्यंत वेल्ड भरलाच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या लेथवाल्याकडं जाऊन सगळा हूक कापून काढला, जाड पट्टी वापरली, आतनं-बाहेरनं वेल्ड घेतला आणि आधाराला दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्ट्या लावल्या. पिन ईएन-८ या मजबूत पोलादाची कातून घेतली. साध्या बोल्टावर कोणी ओढू नका. बोल्टाचे आटे जिथं सुरू होतात तिथंच तो तुटतो.

आणि हुकाचं पिनचं भोक बघा. नवीन भोक गोल असतं. दोन हंगामांत ते लांबट होतं, मग पिन आत दणके खाते. गिअर बदलताना मागनं जो ठणका येतो तो हाच. तो ठणका पुढं गिअरबॉक्सलाही बसतो. माझ्या हुकाच्या भोकात मी बदलता येणारं बुश (आतली लोखंडी नळी) बसवलंय, झिजलं की दोनशे-तीनशेत काम होतं. पिनला खालनं लॉक पिन आणि शिवाय ट्रॅक्टर ते ट्रॉली, ट्रॉली ते ट्रॉली अशा दोन्ही ठिकाणी साखळी. वळणाला ताणणार नाही एवढीच सैल, रस्त्याला घासेल एवढी लांब नको.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यामुळं वरच्या गटात कॉमन रेल (कॉम्प्युटरनं डिझेल सोडणारी) इंजिनं आली आणि किंमत वाढली. म्हणून कंपन्यांनी ५० च्या जरासे आतले ट्रॅक्टरही काढले, जुन्या पद्धतीच्या पंपाचे. माझं मत असं की सपाटीला, १०-१५ किलोमीटरच्या आत, ५० च्या आतला चार सिलिंडरचा ट्रॅक्टर डबल ट्रॉलीला चालतो. आष्टा-सांगली पट्ट्यात तर आरामात. वरच्या कडेगाव-खानापूरकडनं उतरायचं असेल तर वरचा गट घ्या, आणि आधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारा की स्कॅनर लावणारा फिटर हंगामात रात्री येतो का. कारखान्यात गव्हाणीच्या (ऊस गाळपाला टाकायच्या जागेच्या) रांगेत गाडी बंद पडली तर मागची चाळीस वाहनं अडकतात. ४८ एचपी आणि ५२ एचपी यातला फरक मात्र शोरूममध्येच मोठा वाटतो. तेवढा फरक टायरमधली हवा कमी असली तरी निघून जातो.

अर्जुन कोणाला नको? ज्याचं रान अर्ध्या एकराच्या तुकड्यांत आहे आणि हंगामाबाहेर आंतरमशागत करायची आहे, त्यानं लहान ट्रॅक्टर बघावा. हा अंगानं मोठा आहे, वळायला जागा मागतो.

माझ्या गाडीचा चार हंगामांतला खर्च म्हणाल तर एकदा क्लच प्लेट, एकदा मागचे दोन टायर, पुढच्या चाकांचे बेअरिंग दोनदा, आणि वेळच्या वेळी तेल-फिल्टर. क्लच प्लेट गेली ती माझ्या नव्या ड्रायव्हरच्या पायामुळं, त्यात गाडीचा दोष नाही. त्याला आता शेजारी बसवून शिकवलंय. रोज सकाळी टोळीच्या कोपीवर (झोपडीवर) चहा घ्यायच्या आधी तो दोन्ही पिना हातानं फिरवून बघतो आणि मला फोनवर "फिरतायत" म्हणून सांगतो. फिरली नाही तर पिन वाकलीय. मग ती खेप होत नाही.