एलिफंट बीचचं बुकिंग: ₹२१,००० गेले, तुमचे तरी वाचवा

अंदमानातल्या स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जाणार असाल तर आधी हे वाचा. एलिफंट बीचच्या 'वॉटर स्पोर्ट्स कॉम्बो'च्या नावाखाली आम्हाला ₹२१,००० ला लुबाडलं. आधी चौघांचे ₹१८,६००: बोट, सी वॉक, जेट स्की, बनाना राइड. मग लाइफ जॅकेटचं 'परत मिळणारं' डिपॉझिट ₹२,४००. पैसे क्यूआरवर, व्हाउचर व्हॉट्सॲपवर. जेट्टीवर ते व्हाउचर कोणी विचारलंसुद्धा नाही, आणि बुकिंग घेणाऱ्याचा फोन बंद.

व्हाउचरवर चक्क लिहिलं होतं, 'सनसेट जेट स्की, सायं. ६.३०'. आठवलं की अजून अंगाची लाही होते. अंदमान इतकं पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच; मे महिन्यातही तिथे पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. साडेसहाला काळोख! एलिफंट बीचच्या बोटी तर सकाळी सुटतात. तो कागद मी वाचला, यांनीही वाचला. पण मे महिन्यात इंदूरच्या राजवाड्यावर सात वाजता उजेड बघणाऱ्या माणसाला साडेसहात खटकणार काय? आणि बोलायचा किती गोड, "काकू, माझं आजोळ रामबागेतलंच." इंदुरात कोणी मराठीत बोललं की आपण विश्वास टाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिकीट जेट्टीवरच काढा. आगाऊ डिपॉझिट मागितलं की फोन ठेवून द्या.

इंदूरच्या पोलीस ठाण्यात काय ऐकवलं? "मॅडम, मामला अंदमान का है, वहीं रिपोर्ट करो." अहो, पैसे इंदूरच्या खात्यातून, इंदुरात बसून गेले! १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे सांगितलं, तर म्हणे ग्राहक मंचात जा. बँकेत गेले, तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" टाकला! पण ज्याच्या खात्यात पैसे गेले, त्याची केवायसी कोणी केली होती? त्यावर मॅनेजर गप्प. वर अर्जाची पोचसुद्धा मागून घ्यावी लागली.

फसवणूक कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. चॅट पुसू नका.

आता बडोद्याच्या माझ्या नणंदेला तोच क्यूआर आलाय, तारकर्लीच्या स्कूबाची दिवाळी ऑफर म्हणून. तो स्क्रीनशॉटही ठाण्यात देऊन आले. "देखते हैं" म्हणाले.