पुसलेला सर्व्हर परत उभा करताना: डिस्क इमेज की नवी मांडणी?

सर्व्हरची डिस्क पूर्ण पुसली गेली, बॅकअप मात्र शाबूत आहे. आता दोन वाटा.

क्लोनझिलासारख्या साधनाने घेतलेली इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) असेल तर ती नव्या डिस्कवर ओतायची. पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग), बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), सेटिंग सगळं जसंच्या तसं परत येतं. फक्त नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. मशीनच बदललं असेल तर नेटवर्क कार्डाचं नाव बदलून सर्व्हर चालू असूनही नेटवर्कवर दिसत नाही. आणि घुसखोरीमुळे पुसावं लागलं असेल, तर जुन्या इमेजबरोबर घुसखोरही परत येऊ शकतो!

दुसरी वाट म्हणजे डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) नव्याने टाकायचं, पॅकेजं म्हणजे लागणारे प्रोग्राम बसवायचे आणि रेस्टिक किंवा आरसिंक या साधनांनी बॅकअपमधून फायली आणायच्या. वेळ जास्त जातो. आरसिंकला 'न्यूमेरिक-आयडीज' हा पर्याय दिला नाही तर फायलींची मालकी भलत्याच युजरकडे जाऊ शकते. चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या कॉपी केलेल्या असतील तर त्यांवर भरवसा नको, डम्प (डेटाबेसमधून रीतसर बाहेर काढलेली प्रत) हवा. तोही तपासलेला. २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे डम्प निघतच नव्हते; सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणी टिपलेल्या प्रतीवर) भागवावं लागलं.

मशीन तेच आणि घाई असेल तर इमेज. एरवी माझं मत नव्या मांडणीला, विशेषतः सेटिंगच्या फायलींचा 'ईटीसी' फोल्डर आणि पॅकेजांची यादी बॅकअपमध्ये असेल तर.