चोबे की झांबेझी? बोटीतून प्राणी कुठे बघावेत

पुतणीने विचारलंय: काका, व्हिक्टोरिया फॉल्सला तीन दिवस आहोत, बोटफेरी एकच परवडेल, कुठली घेऊ?

प्राणीच बघायचे तर बोत्स्वानातली चोबे नदी, यात मला शंका नाही. मे ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत आतले पाणवठे आटतात आणि हत्तींचे कळप नदीवर उतरतात. नदीतल्या सेडुडू बेटावरच्या गवतासाठी ते चक्क पोहत जातात. सोंड तेवढी पाण्यावर, पिल्लू आईला खेटून. तिथे छोटीच बोट घे. ती काठाशी जाते, मगरीच्या पाठीवरचे खवलेसुद्धा स्पष्ट दिसतात.

झांबेझी ही व्हिक्टोरिया फॉल्सचीच नदी. तिच्यावर धबधब्याच्या वरच्या अंगाला पाणघोडे आणि मगरी असतात, हत्ती मात्र नशिबावर. सूर्यास्त अप्रतिम.

खर्च आणि दगदग झांबेझीला कमी, दोनेक तासांत परत. चोबेसाठी बोत्स्वानातलं कासाने गाव गाठायचं म्हणजे सुमारे ८० किलोमीटर आणि वर देशाची सीमा ओलांडायची. अख्खा दिवस जातो. व्हिसा झिम्बाब्वेत परत येऊ देणारा आहे ना, ते आधीच बघ.

आई-बाबा थकलेले असतील तर झांबेझी. हत्तींसाठीच एवढ्या लांब निघाली असशील, तर पहाटे उठ आणि चोबे गाठ.