मॉक्सा कांडीचा शेक : चार महिन्यांनंतर, विशेषतः ती विझवण्याविषयी

सागवानी टेबलावर एका रात्रीत काळा डाग उमटला, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला आहे. मॉक्सा कांडीने, म्हणजे वाळल्या पानांच्या लवेची चिनी कांडी पेटवून तिच्या उबेने, गुडघे शेकायला लागून मला चार महिने झाले. गुण आला की नाही हे पुढे सांगतोच. पण अर्धी वापरलेली कांडी विझवायची कशी, हे खोक्यातल्या सूचनापत्रात कुठेही लिहिलेले नाही आणि माझ्या मते सर्वांत आधी तेच लिहायला हवे होते.

ग्वाल्हेरच्या थंडीत लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या दगडी फरशीवर पाय ठेववत नाही. इतकी वर्षे तव्यावर वाळू तापवून पुरचुंडीने शेकत आलो, पण ती पाच मिनिटांत निवते. मॉक्साची ऊब शेवटपर्यंत सारखी राहते. ज्या वनस्पतीच्या पानांपासून ती करतात, ती आपल्या दवण्याच्याच कुळातली; पाने वाळवून, कुटून, चाळून उरलेली मऊ लव कागदात घट्ट वळली की वीतभर लांबीची कांडी होते. चिनी भाषेत या उपचाराच्या 'झेनजिऊ' या नावातच सुई (म्हणजे ॲक्युपंक्चर) आणि शेक दोन्ही आहेत, आणि २०१० साली युनेस्कोने ही जोडी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कांडीचे पेटते टोक त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरून मी गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला दहा-पंधरा मिनिटे शेक घेतो.

एका बैठकीत कांडीचा थोडाच भाग जळतो. दहा कांड्यांच्या खोक्याला सहाशे रुपये मोजल्यावर उरलेली कांडी फेकून देणे मला मान्य नाही. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्याने ती पाण्यात बुडवायला सांगितले. तसे केले, तीन दिवस उन्हात वाळवूनही कागद उकलला, लव गोळा झाली आणि कांडी पुन्हा धड पेटली नाही. नुकसानीबद्दल विचारले, तर नवा खोका घ्या, एवढेच उत्तर मिळाले. सूचना देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, यावर मी आजही ठाम आहे.

मग मी कांडीचे टोक तिच्याच राखेत खुपसून बशी टेबलावर ठेवू लागलो. धूर थांबे, म्हणून ती विझली असे मी धरून चालत असे. त्या सकाळी पाहतो तर कांडी शेवटपर्यंत जळलेली, बशी तडकलेली आणि लाकूड करपलेले. सुरुवातीला मालच खराब आहे असे माझे मत झाले. ते मत मी आता मागे घेतो. आमची आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत असे, तो सकाळी विस्तव मिळावा म्हणून! राख निखाऱ्याला सांभाळते, आणि नेमके तेच मी रोज करत होतो. निखारा मारायचा तर त्याची हवा तोडली पाहिजे. आता कांडी जेमतेम मावेल अशा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या उभ्या डब्यात टाकतो, डबा फरशीवरच ठेवतो आणि तासाभराने हात लावून तो गार झाल्याची खात्री करूनच झोपतो. पुढच्या वेळी कांडी कोरडी निघते आणि सहज पेटते. एक कांडी आता पाच-सहा वेळा पुरते.

गुणाविषयी म्हणाल, तर सकाळचा आखडलेपणा निश्चित कमी झाला आहे आणि महाराज बाड्यापर्यंत न थांबता चालत जाता येते. मात्र आठवडाभर शेक चुकला की दुखणे परत येते, त्यामुळे झीज भरून आली असे मी म्हणणार नाही आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायामही सोडलेले नाहीत. धूर दाट व कडवट असतो. खिडकी उघडावीच लागते, थंडीतसुद्धा. बिनधुराच्या कोळशासारख्या कांड्याही घेऊन पाहिल्या, पण त्या पेटायलाच फार वेळ घेतात. आमच्या वहिनींना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी आहे, म्हणून त्यांनी आग्रह करूनही मी त्यांना शेक दिला नाही. चटका कळला नाही तर फोड येईपर्यंत लक्षात येत नाही.

दुसरा खोका मागवला आहे, या वेळी दुसऱ्या विक्रेत्याकडून, आणि पैसे देण्याआधी त्यालाही विझवण्याची रीत विचारली. त्याने डब्याचेच नाव घेतले.