हसं झालेला नायक: ‘फायनल फॅन्टसी टेन’ची एचडी आवृत्ती

‘फायनल फॅन्टसी टेन’ या व्हिडिओ गेमचा नायक टीडस याचा विषय निघाला की मुंबईतल्या गेम खेळणाऱ्यांमध्ये लगेच दोन तट पडतात आणि वाद बहुधा एकाच प्रसंगावरून पेटतो, तो म्हणजे लुका बंदरातले त्याचे ओढूनताणून, मोठमोठ्याने हसणे. ज्यांनी गेम शेवटपर्यंत खेळला आहे त्यांच्या तो जिव्हाळ्याचा प्रसंग असतो. ज्यांनी मोबाइलवर त्याचा काही सेकंदांचा तुकडा तेवढा पाहिला आहे त्यांच्या लेखी तो वाईट आवाज-अभिनयाचा नमुना ठरतो. एचडी आवृत्ती निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्रावर पूर्ण खेळून झाल्यावर माझे मत ठाम आहे की या नायकाला नावे ठेवणाऱ्यांनी त्याला चुकीच्या मापाने मोजले.

मूळ गेम स्क्वेअर कंपनीने जुलै २००१ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन २ साठी आणला. निर्मितीची धुरा योशिनोरी कितासे यांच्याकडे होती, कथालेखन काझुशिगे नोजिमा यांचे, तर पात्रांची रूपे तेत्सुया नोमुरा यांनी रेखाटली. पात्रांना आवाज देणारा या मालिकेतला हा पहिलाच मुख्य गेम. जपानच्या ‘फामित्सु’ साप्ताहिकाने त्याला ४० पैकी ३९ गुण दिले, म्हणजे गेमचे कौतुक भरभरून झाले. पण त्याच्या नायकाला रडका, बालिश आणि बडबड्या ही विशेषणे चिकटली ती आजवर सुटलेली नाहीत. मालिकेतल्या आधीच्या गेममधले क्लाउड आणि स्क्वॉल हे नायक मितभाषी होते, त्यांचे दुःख मौनात दडलेले असे. त्यांच्यानंतर आलेला, भीती वाटली की भीती वाटते असे सांगणारा आणि वडिलांचे नाव निघताच चिडणारा, ब्लिट्झबॉल या पाण्यातल्या काल्पनिक खेळाचा खेळाडू अनेकांच्या पचनी पडला नाही.

आता तो हसण्याचा प्रसंग. त्याच्या थोडेच आधी ऑरॉनने, वडिलांच्या जुन्या सोबत्याने, टीडसला त्याच्या बेपत्ता वडिलांविषयी, जेक्टविषयी, असह्य सत्य सांगितलेले असते. जिच्या यात्रेत तो सोबती म्हणून निघाला आहे ती युना त्याला धीर द्यायला येते. दुःखातही हसता आले पाहिजे, हे तिने स्वतःला शिकवलेले असते आणि तेच ती त्याला करून पाहायला लावते. टीडस जे हसतो ते उसने, घशातून काढलेले हसू असते, आणि ते तसेच असायला हवे. युना त्याच्या सुरात सूर मिसळते, सोबती दुरून चिंतेने पाहत राहतात, आणि मग स्वतःच्या त्या वेडेपणावर दोघांनाही खरेखुरे हसू फुटते. फिरणाऱ्या तुकड्यांत हा शेवटचा भाग बहुतेक वेळा कापलेला असतो. इंग्रजी आवाज देणारे जेम्स अर्नोल्ड टेलर यांनीही हे हसणे मुद्दाम कृत्रिम ठेवले होते, हे वेळोवेळी सांगितले आहे. ही यात्रा हसतखेळत पार पडावी असे युनाला का वाटते, हे त्या क्षणी सगळ्या सोबत्यांना ठाऊक असते. एकट्या टीडसला नसते. हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहिला, तर ते हसणे ऐकवत नाही.

टीकाकारांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटते. गेम सुरू होतो तो शेकोटीभोवती थकून बसलेल्या माणसांपासून, आणि पुढचे सारे टीडस आठवून सांगतो आहे. त्या शेकोटीपर्यंत कथा फार उशिरा पोहोचते. म्हणजे जो उतावळा, तक्रारखोर मुलगा आपण पाहतो, त्याला समजून घेणारा आणि त्याचा अज्ञानीपणा न लपवता मांडणारा मोठा झालेला टीडस निवेदनात सतत हजर असतो.

लढाईची रचनाही या स्वभावाशी जुळते. जड घाव घालायचे काम ऑरॉनचे; टीडस चपळ आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या कौशल्यांत सोबत्यांचे बळ वाढवणारे ‘चिअर’ आणि त्यांची पाळी लवकर आणणारे ‘हेस्ट’ येतात. संघाला उभारी देणारा खेळाडू हीच त्याची खरी ओळख आहे, आणि समीक्षणांत तिची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

काही आक्षेप मात्र रास्त आहेत. जपानी संवादांनुसार हलणाऱ्या ओठांत इंग्रजी वाक्ये बसवावी लागल्याने टेलर यांचे बोलणे कुठे घाईचे, कुठे अडखळते होते. खेळाडूला नायकाचे नाव बदलता येते, त्यामुळे युनासकट कोणीही त्याला संवादात नावाने हाक मारत नाही. एवढ्या जवळिकीच्या कथेत ही उणीव खरोखर बोचते. एचडी आवृत्तीत टीडस आणि युनाचे चेहरे नितळ झाले खरे, पण काही जवळच्या दृश्यांत ते बाहुल्यांसारखे निर्विकार दिसतात, आणि ज्या नायकाचे सारे बळ त्याच्या चेहऱ्यावरच्या खळबळीत आहे त्याच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे. त्याची सर्वोत्तम तलवार पूर्ण ताकदीनिशी मिळवण्यासाठी चोकोबो या मोठ्या पक्ष्यांची शर्यत शून्य सेकंदांत (वाटेतले फुगे पकडले की वेळ वजा होतो) जिंकण्याची अटही जाचक आहे.

चाहत्यांचा कौल मात्र वर्षांगणिक पक्का होत गेला. २००६ मध्ये ‘फामित्सु’च्या वाचकांनी हा गेम सर्वकालीन यादीत पहिला निवडला, २०२० मध्ये जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके हिच्या जनमत चाचणीत मालिकेतला तो अव्वल ठरला, आणि २०२३ मध्ये टोकियोत त्यावर काबुकी या पारंपरिक जपानी शैलीतले नाटक उभे राहिले, ज्यात ओनोए किकुनोसुके यांनी टीडस साकारला. रडका म्हणून हिणवलेला मुलगा काबुकीच्या रंगमंचावर नायक म्हणून उभा राहतो, याचे नाटकावर जीव असलेल्या दादर-गिरगावच्या प्रेक्षकाला अप्रूप वाटावे.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. याच आवृत्तीत पुढचा भाग, ‘टेन-टू’, सोबत मिळतो. मराठी किंवा हिंदी उपशीर्षके नाहीत, तेव्हा घरातल्या लहान मुलांसाठी घेताना भरपूर इंग्रजी वाचावे लागेल हे ध्यानात ठेवावे. लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी स्विच सोयीचा, कारण प्रगती ठरावीक ठिकाणीच जतन होते आणि स्टेशन आले की यंत्र स्लीपवर टाकता येते. हेडफोन मात्र हवाच, आवाजाविना टीडस अर्धाच कळतो. पीसी आवृत्तीत आपोआप जतन होण्याची, वेग वाढवण्याची आणि दृश्ये वगळण्याची सोय आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने यातली शेवटची सोय लुका येईपर्यंत, आणि लुकामध्ये तर मुळीच, वापरू नये.