हेळव्याची चोपडी : पाचापैकी चार तारे

सकाळची दळणं चालू होती. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून धाकट्या जाऊबाईंनी दारातूनच हातवारे केले, घरी चला. चक्की बंद केल्यावर कळलं, हेळवी आलेत. सात वर्षांनी. मी केसावरचं पीठ झटकत तशीच निघाले. मागच्या खेपेला ते आले तेव्हा मी माहेरी होते आणि तेवढ्यात आमचं पान लिहून झालं होतं. ती हुरहुर सात वर्षं होती.

तर हे परीक्षण त्या हेळव्याचं. येरळेकाठच्या आमच्या गावात घराण्याची माहिती काढायला दुसरं काही नाही असं समजू नका. मोबाइलवर झाडं काढायची अ‍ॅपं आहेत, पुण्याच्या पुतण्यानं थुंकीची डीएनए तपासणी केलीय, सांगलीत मोडी वाचून देणारे आहेत. ते सगळं करून झालंय. तरी पहिला मान हेळव्याचा, आणि तारे पाचापैकी चार. पाचवा का कापला ते ओघात येईल.

ज्यांच्याकडे हेळवी येत नाहीत त्यांच्यासाठी: हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराघरांची वंशावळ लिहून ठेवतात. आमचे बेळगावकडून येतात. घरात कानडी, आमच्या दारात मराठी. गावं त्यांच्यात वाटलेली असतात, आजा जी गावं फिरला तीच नातू फिरतो. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. आत्याबाई सांगायच्या, पूर्वी हेळवी बैलावर बसून यायचा, पायावर घोंगडं, हातात घंटा, आणि दारात आला तरी खाली उतरायचा नाही. आत्ताचे मोटारसायकलवर आले आणि चप्पल काढून सोप्यात बसले. चोपडी मात्र अजून कापडातच बांधलेली.

ती मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली. कडा तेलकट, मधली शिवण दोनदा घातलेली. आमच्या पानावर तीन लिप्या: वरचा भाग मोडी, मधला कानडी, आणि खालच्या चार ओळी निळ्या बॉलपेननं देवनागरीत. पानाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट. हेळवीमामा (वय पन्नाशीचं असेल, पण आमच्या घरात सगळे मामाच म्हणतात) आधी पान उघडत नाहीत. आधी विचारतात: आडनाव, गल्ली, कुळस्वामी कोण, देवक काय. आमच्या गावात आमच्याच आडनावाची चाळीस घरं आहेत आणि त्यांत तीन भावक्या. नुसत्या आडनावावर पान सापडत नाही. सिद्धनाथ म्हटल्यावर दोन भावक्या गळाल्या, देवक सांगितल्यावर बरोबर आमचं पान निघालं.

मग वाचन. वाचन कसलं, चालीत म्हणणंच ते. तानाचा ग्यानू, ग्यानूचे तिघं, थोरला सखाराम, मधला बापू, धाकटा नकल. नकल म्हणजे पोटी कुणी नाही, खुंटलं. सोप्यात तोवर सगळी भावकी जमलेली, आणि खरी मजा इथं आहे. चुलतसासरे ऐंशी पार केलेले, कानाला यंत्र. ते मध्येच म्हणाले, "नकल कसा? धाकटा दत्तक गेलाय की विट्याकडं." हेळवीमामांनी चोपडी बाजूला ठेवली, पिशवीतून दुसरी काढली, पाचेक मिनिटं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं हाय बगा. ह्या घरात गेला. आमच्या चुलत्यानं हितं लिवलंय आन् तितं जोडायचं ऱ्हायलंय." त्या घरी त्याच्या पुढच्या चार पिढ्या लिहिलेल्या. शंभर वर्षांपूर्वी तुटलेला धागा आमच्या सोप्यात चहा निवायच्या आत जोडला गेला. त्या घरचा फोन नंबर आता माझ्याकडे आहे आणि त्यांची एक सून शिक्षिका आहे हेही मला ठाऊक आहे.

अ‍ॅपमध्ये हे होत नाही. तिथं मी एकटी बसून भरते आणि चुकलं तर सांगायला कुणी नाही. हेळव्याची नोंद वीस माणसांपुढं वाचली जाते, आणि त्यातली निम्मी माणसं एकमेकांशी बांधावरून भांडलेली असतात. खोटं घुसवायला जागाच नाही. निदान अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांत तरी.

त्याच्या वर गेलं की मात्र कान उघडे ठेवावेत. आमचा मूळ पुरुष माणदेशातून दुर्गादेवीच्या दुष्काळात खाली आला असं मामांनी ठणकावून सांगितलं. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात तो १३९६ ते १४०७ चा. म्हणजे सव्वासहाशे वर्षं. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर एकवीस ते पंचवीस नावं हवीत. आमच्या पानावर आहेत अकरा. अकरांची तीनशे वर्षं होतात, फार तर सव्वातीनशे. मी दळणाचा हिशोब करणारी बाई, लगेच बोटं मोजली. मामा हसले आणि म्हणाले, "मधली पानं वाळवीनं खाल्ली असतील, वहिनी." असतील. पण शेजारच्या भावकीची पानंही नेमकी तेवढीच खाल्लेली निघाली. शिवाय प्रत्येकाचा मूळ पुरुष कुठल्या ना कुठल्या राजाच्या पदरी सरदार असतो, गुरं राखणारा कुणाचाच नसतो. ते ऐकायला गोड लागतं, ज्वारी देताना हातही सैल सुटतो. यासाठी तारा कापला नाही. एवढं चालायचंच.

आता मानमोडी. सखारामाच्या ओळीत दोन नावांपुढं मामांनी मागच्या खेपेलाच वाचलं होतं, "मानमोडीत दोघं गेली." माहेराहून आल्यावर मला ते कळलं. मी विचारलं, म्हणजे कधी? सालं चोपडीत नसतात. आत्याबाईंच्या तोंडून मी लहान सून असताना ऐकलेलं, मानमोडी म्हणजे ती तापाची साथ, पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हाची. १९१८. आपल्याकडे सगळ्यात वाईट महिना ऑक्टोबरचा. एवढा धागा पुरला. तालुक्याच्या कचेरीत गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही असते, कोतवालाकडची म्हणतात ती. तीन चकरा झाल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा चावी नाही, तिसऱ्यांदा वही आहे पण मोडीत आहे, तुम्ही वाचणार कोण? मी म्हटलं, वाचणारा मी आणते, तुम्ही नक्कल द्या. दिली.

नक्कल हातात आल्यावर आधी दचकले. वर लिहिलेलं जिल्हा सातारा. म्हटलं दुसऱ्याच गावाचं पान दिलं. मग आठवलं, आमचा तालुका तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला १९४९ ला, त्याला सांगली नाव पडलं १९६० ला. कुणी शोधाशोध करणार असेल तर हे ध्यानात ठेवा, नाहीतर बरोबर कागद चुकीचा म्हणून परत कराल. सांगली, मिरज, जत ही तर संस्थानं, त्यांचं दप्तर आणखी वेगळीकडे.

सांगलीत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. पानाला ३०० रुपये. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा. गुरुजी म्हणाले, चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता जेवायला उसंत नाही. माझ्या पानासाठी पंधरा दिवस थांबायला लागलं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. शब्दांत मोकळी जागा नाही, हात उचलायचा नाही. मला ते सगळं वाळत घातलेल्या शेवयांसारखं दिसत होतं. गुरुजींचं बोट एकेका शेवईवर थांबत होतं. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पानच्या पान ताप.

सखारामाच्या घरातली ती दोन नावं चोपडीतल्यासारखीच निघाली. नऊ दिवसांच्या अंतरानं बाप आणि मधला मुलगा. मी मनात म्हटलं, वा रे मामा, शंभर वर्षांनी तुमची चोपडी सरकारी वहीशी जुळली. गुरुजींचं बोट मागं सरकलं. दोघांच्या मध्ये, पाचव्या दिवशी, त्याच घरात आणखी एक. काशी, वय ३. कारण ताप.

चोपडीत दोघं. वहीत तिघं.

गुरुजींनी दोनदा वाचलं. चूक नव्हती. ज्या कोतवालाला सगळे अडाणी म्हणायचे त्यानं काशी लिहून ठेवली, आणि आमच्या घरची ज्वारी खाणाऱ्या चोपडीत ती नाही. पाचवा तारा इथं गेला.

पुतण्याच्या थुंकीच्या तपासणीबद्दल दोन ओळी, कारण मला बरेच जण विचारतात. दहाएक हजार घालवून त्याला कळलं की तो दक्षिण आशियातला आहे. हे मी त्याला फुकट सांगितलं असतं. पण त्यानं एक गोष्ट समजावली ती डोक्यात राहिली. रक्तातली एक खूण बापाकडून फक्त मुलाकडं जाते, आणि दुसरी एक आईकडून सगळ्या लेकरांना मिळते पण पुढं जाते ती लेकीकडूनच. म्हणजे ह्यांच्या चोपडीसारखीच बायकांचीही एक चोपडी अंगात चालू असते, फक्त ती मोठ्यानं म्हणायला सोप्यात कुणी येत नाही.

आता ह्या खेपेचा मुख्य प्रसंग. आमची ओळ आली. मामांनी ह्यांचं नाव वाचलं, पेन उघडलं आणि विचारलं, "ल्योक?" हे गप्प. मी म्हटलं, दोन लेकी. मामांनी मान हलवली आणि नावापुढं गोल काढायला घेतला. तो गोल मी आधी पाहिला होता, नकल झालेल्या धाकट्याच्या नावापुढं.

"थांबा मामा. लेकी लिहा."

"लेकींची नावं त्यांच्या सासरच्या चोपडीत जातात, वहिनी."

"थोरलीचं सासर कोकणात आहे, तिकडं हेळवी येत नाहीत. धाकटीचं लग्न झालेलं नाही. मग त्या जायच्या कुठं?"

सोप्यात हसू झालं. चुलतसासऱ्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. मी म्हटलं, मामंजी गेले तेव्हा तलाठ्यानं वारसात माझ्या दोन्ही नणंदांची नावं लावली. वडिलोपार्जित जमिनीत लेकींच्या बरोबरीच्या हक्काचा २००५ पासून सगळ्या देशात कायदा आहे, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ लाच झालेला. (पुढं नणंदांनी हक्कसोडपत्र करून दिलं ती गोष्ट वेगळी, त्यावर परीक्षण लिहायला घेतलं तर मला माहेरी राहायला जावं लागेल.) सातबाऱ्याला चालतं ते चोपडीला का चालत नाही? आणि मग पर्समधून नक्कल काढून काशीचं सांगितलं. कुणी हसलं नाही. मामांनी ती मोडी ओळ स्वतः वाचली. त्यांना येते हे मला तेव्हा कळलं. बराच वेळ बघत होते.

लिहिलं त्यांनी. काशीसाठी सखारामाच्या ओळीत जागा नव्हती, म्हणून समासात आडवं लिहिलं, वय घातलं आणि सालही घातलं. अख्ख्या चोपडीत साल असलेली ती एकच नोंद असावी. मग आमच्या दोघी. धाकटीचं नाव ऋतुजा. मामा अडले, ऋ कसा काढायचा? मी माझ्या दळणाच्या वहीत काढून दाखवला. त्यांनी बघितला, पेन टेकवलं, आणि सरळ 'रुतुजा' लिहून मोकळे झाले.

ज्यांना बोलवायचंय त्यांच्यासाठी: बोलवता येत नाही, ते सुगी झाली की येतात, कधी तीन वर्षांनी, कधी सात. बिदागी ठरलेली नसते. आमच्याकडून वीस किलो ज्वारी (गिरणीच्या काट्यावर तोललेली, त्यांनीही काट्याकडं वाकून बघितलं), शर्टाचं कापड आणि ११०० रुपये. पैशासाठी त्यांच्याकडं क्यूआर कोड आहे, चोपडीच्याच कापडात ठेवलेला. ते यायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना विचारून नावं कागदावर काढून ठेवा, दत्तक गेलेले विसरू नका. पानाचा फोटो काढू देतात, पण विचारून. आणि आपल्या घरची ओळ येईपर्यंत चहा करायला आत जाऊ नका.

धाकटीला पानाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, स्पेलिंग चुकलंय." मी कळवलं, पुढच्या खेपेला तू स्वतः सोप्यात बसून दुरुस्त करून घे, मी गिरणीत असेन.